वीरगळ व युद्धसमाधि

रणांगणावर जो पडला त्याची आठवण मागें राहिलेल्यांनीं कोणत्या रीतीनें ठेवावी, हा प्रश्न फार जुना आहे. आणि निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या देशीं त्याचीं उत्तरें निरनिराळीं दिलेलीं आहेत. हा विषय केवळ पुस्तकी किंवा दूरदेशींचा आहे, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. सातारा व सांगली हे जिल्हे पिढ्यान् पिढ्या सैन्यास शिपाई पुरवीत आले आहेत. ज्या गांवांतून आमचे विद्यार्थी येतात, त्यांपैकीं पुष्कळ गांवीं जुन्या देवळापाशीं कोरींव दगड उभे असतात. कांहीं गांवीं महायुद्धावर गेलेल्यांचें स्मारक असतें. आणि कोठें तरी एखाद्या घरांत पणजोबांचें पदक पेटींत फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें असतें. हे दगड, हीं स्मारकें व हीं पदकें एकाच प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें आहेत. तीं कशीं वाचावीं, आणि त्यांत काय आहे व काय नाहीं, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम घरच्या दगडांपासून आरंभ करूं. वाई तालुक्यांत चंदन व वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरांत किकली म्हणून गांव आहे. तेथील भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारांत व गांवांत पुष्कळ वीरगळ एकत्र पाहावयास मिळतात. वीरगळ म्हणजे लढाईंत पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभी केलेली शिळा. या शब्दाचा दुसरा भाग कानडी 'कल्लु' म्हणजे दगड या शब्दापासून आला आहे. कानडींत अशा शिळेस 'वीरगल्लु' म्हणतात. कृष्णाकांठच्या या मुलखांत मराठी व कानडी या दोन भाषा किती जवळ नांदत आल्या, याची खूणच त्या शब्दांत राहिली आहे. शिलाहार व यादव राजांच्या अमदानींत असे दगड उभारण्याची चाल आपल्याकडे फार प्रचलित होती व पुढेंही ती बराच काळ चालली.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सामान्यतः त्यावर एकावर एक तीन किंवा चार चौकटी कोरलेल्या असतात. सर्वांत खालच्या चौकटींत वीर कसा पडला तें असतें: कोठें तो ढाल-तरवार घेऊन झुंजत असतो, तर कोठें धारातीर्थीं आडवा झालेला असतो. त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतील, तर तो गांवचें गोधन पळविणाऱ्यांशीं लढतांना मेला असें समजावें. त्यावरील चौकटींत अप्सरा त्यास दोहों बाजूंनीं धरून वर नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला दिसतो. अगदीं माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंस सूर्य व चंद्र असतात. अर्थ असा कीं, हे दोघे आकाशांत आहेत तोंवर याची आठवण राहो. मुंबईजवळ बोरिवली येथील एकसर गांवच्या वीरगळांवर तर वल्हवलेलीं जहाजें व समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. म्हणजे जसें मरण, तसें चित्र. कांहीं ठिकाणीं वीरगळाशेजारीं दुसराही एक दगड असतो. त्यावर कोपरांत वळलेला, बांगड्या भरलेला एक हात दिसतो. तो सतीचा दगड होय. वीराच्या कीर्तीची किंमत त्याच्या घरांतील स्त्रीनें कशी भरली, हें तो दगड सांगतो. आणि त्यापुढें उभें राहतांना केवळ अभिमान वाटणें योग्य नव्हे.

आतां विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यावर इतकें सारें कोरलें, त्या आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर त्या पुरुषाचें नांव मात्र नसतें. कर्नाटकांतील पुष्कळ वीरगळांवर लेख असतो आणि कोण, कोणत्या राजाच्या काळीं, कोणत्या गांवाच्या वेढ्यांत पडला तें कळतें. महाराष्ट्रांतील बहुतेक दगड मुके आहेत. याचा अर्थ असा नव्हे कीं, त्या लोकांस नांवाची किंमत नव्हती. गांव लहान होतें. हा दगड कोणाचा, तें प्रत्येक मूल आजीच्या तोंडून ऐकत असे. नांव दगडावर नव्हतें, तोंडांत होतें. पुढें दुष्काळ पडले, स्वाऱ्या आल्या, वस्त्या हलल्या, आणि सांगणाऱ्यांची साखळी एके दिवशीं तुटली. दगड राहिले, चित्रें राहिलीं, सूर्यचंद्र राहिले. पण ज्याच्यासाठीं हा खटाटोप केला तो कोण, हें सांगणारा उरला नाहीं.

यानंतर याच्या अगदीं उलट असलेली रीत पाहूं. इटली देशांत रोम व नेपल्स यांच्यामध्यें कॅसिनो नांवाचें गांव आहे व त्यावरील डोंगरावर संत बेनेडिक्ट यानें इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिलेला प्रसिद्ध मठ आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें हा डोंगर रोखून धरिला. मठाचा उपयोग शत्रु टेहळणीसाठीं करीत आहे अशा समजानें दोस्तांच्या विमानांनीं ता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यावर बाँब टाकून तो धुळीस मिळविला. मठांत आश्रय घेतलेले कित्येक निरपराध लोक त्यांत मेले. विशेष हें कीं, मठ पडल्यावर त्याच्या ढिगाऱ्यांत जर्मनांस लपून लढण्यास अधिकच चांगली जागा मिळाली. त्या डोंगरावर चौथ्या भारतीय डिव्हिजननें फेब्रुवारी व मार्च महिन्यांत हल्ले केले व फार मोठी हानि सोसली. मे महिन्यांत आठव्या भारतीय डिव्हिजननें डोंगराखालील गारी नदी ओलांडली. या डिव्हिजनमध्यें मराठा पलटणही होती. अखेर ता. १८ मे रोजीं पोलिश सैन्यानें मठाचे अवशेष हस्तगत केले. पुढें मठ पुन्हा बांधला गेला व १९६४ सालीं त्याची पुनःप्रतिष्ठा झाली.

त्या मठाजवळच्या उतारावर पोलिश सैनिकांच्या हजाराहून अधिक समाधि आहेत. आणि खालीं गांवाजवळ राष्ट्रकुलाच्या सैनिकांची समाधिभूमि आहे. तींत ४,२७१ जण विसांवले असून त्यांपैकीं २८९ जणांची ओळख पटलेली नाहीं. ज्यांचा देहच मिळाला नाहीं किंवा ज्यांची समाधि ठाऊक नाहीं, अशा चार हजारांहून अधिक लोकांचीं नांवें तेथील स्मारकावर कोरलीं आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे यांचें नांव आहे. रायगड जिल्ह्यांतील पळसगांवचा हा बावीस वर्षांचा तरुण ता. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत लढतांना पडला. त्याच्या तुकडींतील माणसें मेलीं अगर जखमी झालीं असतां त्यानें एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, ती बंद पाडली, आणि नंतर तो दुसऱ्या बाजूनें आलेल्या गोळीनें मेला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्याच्या देहाची जागा कोणासही ठाऊक नाहीं. त्याचें जें काय आहे तें त्या शिळेवरील नांव आहे.

अशा समाधिभूमींची व्यवस्था पाहण्यासाठीं पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यावर, ता. २१ मे १९१७ रोजीं, एक आयोग स्थापन झाला. त्याचें मूळ नांव साम्राज्य युद्धसमाधि आयोग. १९६० पासून तो राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोग या नांवानें ओळखला जातो. त्याचे नियम थोडे पण मोठे आहेत. प्रत्येक मृताची आठवण त्याच्या नांवानिशीं ठेवावी. स्मारक कायमचें असावें. सर्व शिळा सारख्या असाव्या. आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करूं नये. सेनापति व शिपाई यांची शिळा एकाच मापाची, सुमारें दोन फूट आठ इंच उंचीची व सव्वा फूट रुंदीची. तीवर पलटणीचें चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नांव, मृत्यूची तारीख व धर्माचें चिन्ह. तो मनुष्य शूरपणें मेला कीं तापानें मेला, हें मात्र शिळा सांगत नाहीं. म्हणजे वीरगळाच्या अगदीं उलट झालें: तेथें पराक्रम आहे पण नांव नाहीं, येथें नांव आहे पण पराक्रम नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, हिंदु व शीख यांच्यांत दहनाची चाल. मग त्यांच्या समाधीचें काय? त्याचीही सोय करण्यांत आली. इटलींत सांग्रो नदीजवळ व फोर्ली येथें दहन झालेल्या भारतीय सैनिकांसाठीं वेगळीं स्मारकें आहेत, व मुसलमान सैनिकांस त्यांच्या रीतीप्रमाणें दफन केलें आहे. फ्रान्समध्यें नव्ह-शापेल येथें, जेथें मार्च १९१५ मध्यें आपल्या पलटणी लढल्या, तेथें १९२७ सालीं उभारलेल्या वर्तुळाकार स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांचीं नांवें आहेत. ज्यांस इतक्या लांब जाणें शक्य नाहीं, त्यांनीं पुण्याजवळ खडकी येथें जावें. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ समाधि आहेत. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत मेलेल्या, व ज्यांच्या मूळच्या कबरी गांवोगांवच्या दफनभूमींत नीट राखणें अशक्य झालें, अशा अठराशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें तेथील स्मारकावर आहेत.

इतकें वाचून नवी रीत सर्वथा निर्दोष आहे असें कोणास वाटल्यास तें बरोबर होणार नाहीं. नियम कागदावर होता. तो सर्वांस सारखा लागू झाला नाहीं. पहिल्या महायुद्धांत मराठ्यांच्या पलटणी मुख्यत्वें मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, लढल्या. डिसेंबर १९१५ पासून ता. २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत येथें सहाव्या पुणें डिव्हिजनला वेढा पडला होता. त्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमार सोसून अखेर शरण गेल्यावर कैदेंत व वाटेवर पुष्कळ शिपाई मेले. त्या मुलखांतील युद्धांत मेलेल्या व ज्यांची समाधि ठाऊक नाहीं अशा ४०,५०० हून अधिक लोकांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उघडण्यांत आलें. १९९७ सालीं तें तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत नेण्यांत आलें. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचें नांव आहे, हिंदी अंमलदाराचेंही नांव आहे; पण हिंदी शिपायाचें नांव नाहीं. त्याच्या पलटणीच्या नांवाखालीं इतके शिपाई मेले असा आंकडा तेवढा आहे. सातारच्या किंवा तासगांवच्या शेतकऱ्याचा मुलगा तेथें एक आंकडा झाला.

हें आम्ही रागाच्या भरांत म्हणत नाहीं. आयोगानेंच नेमलेल्या समितीनें एप्रिल २०२१ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, व निदान १,१६,००० जणांचें, कदाचित् ३,५०,००० पर्यंत लोकांचें, नांवानिशीं स्मरण झालेंच नाहीं, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. यांत हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन लोकांचा भरणा मोठा आहे. तत्कालीन अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह यास कारण झाले, असा समितीचा निष्कर्ष आहे. आयोगानें व ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीं त्याबद्दल उघड क्षमा मागितली. या लोकांस व्यक्तीच्या स्मारकाचें महत्त्व वाटत नाहीं, असा जो समज कित्येक अधिकाऱ्यांनीं करून घेतला होता, त्यास उत्तर देण्यास किकलीचा एक दगड पुरे आहे. गाईंसाठीं मेलेल्या गांवकऱ्याच्या माथ्यावर ज्यांनीं सूर्यचंद्र कोरले, त्या लोकांस आपल्या मृतांची पर्वा नव्हती, असें कोण म्हणेल?

चुकीची दुरुस्ती होऊं शकते, याचेंही एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. इंग्लंडांत ब्रायटन येथील रुग्णालयांत मेलेल्या हिंदु व शीख सैनिकांचें दहन शहराबाहेरील टेकडीवर होत असे. त्या जागीं १९२१ सालीं संगमरवराची छत्री बांधण्यांत आली. परंतु तीवर कोणाचेंही नांव नव्हतें. २०१० सालीं छत्रीशेजारीं नवी शिळा बसवून तीवर तेथें दहन झालेल्या ५३ जणांचीं नांवें कोरण्यांत आलीं. एकोणनव्वद वर्षें लागलीं. पण नांवें सांपडलीं, कारण तीं कोठें तरी कागदावर लिहून ठेविलेलीं होतीं.

आतां पुन्हा आपल्या जिल्ह्यांत येऊं. सातारा तालुक्यांतील अपशिंगे गांवास लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, व तें नांव त्या गांवानें भारी किंमत देऊन मिळविलें आहे. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान कामीं आले आणि त्यांच्या स्मरणार्थ सरकारनें गांवांत स्मारक उभारलें. एका खेड्यांतून सेहेचाळीस! त्या वर्षीं किती चुली थंडावल्या असतील, किती शेतें बायकांनीं नांगरलीं असतील, याचा विचार वाचकांनीं स्वतः करावा. पुढच्या प्रत्येक युद्धांतही त्या गांवचे लोक गेले.

परंतु याच जिल्ह्याची दुसरीही एक बाजू आहे व ती लपविणें सत्यास धरून होणार नाहीं. ज्या वर्षांत आपल्या पलटणी आफ्रिकेंत व इटलींत सरकारच्या बाजूनें लढत होत्या, त्याच वर्षांत येथें त्या सरकाराविरुद्ध चळवळ पेटली होती. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं खटाव तालुक्यांतील वडूज येथें व दुसऱ्याच दिवशीं इस्लामपूर येथें मोर्चावर गोळीबार होऊन माणसें पडलीं. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार या खेड्यापाड्यांतून चाललें. एकाच तालुक्यांतला एक तरुण परदेशीं सरकारी गणवेषांत मेला व दुसरा घरच्या रस्त्यावर सरकारच्या गोळीनें मेला. वडूजच्या हुतात्म्यांस आपण मान देतों तो योग्यच आहे. मग परदेशीं पडलेल्याचें काय? तो कोणाचें राज्य राखण्यास गेला, असा प्रश्न विचारणाऱ्यास आमचें म्हणणें एवढेंच कीं, युद्ध योग्य कीं अयोग्य याचा निवाडा इतिहासानें करावा. परंतु मेलेल्याचें नांव पुसून टाकणें हा न्याय नव्हे. बहुतेक जण पोटासाठीं व घराण्याच्या रीतीप्रमाणें गेले, दिलेल्या शब्दास जागले, आणि परत आले नाहींत. समाधीपुढें उभें राहणें म्हणजे युद्धाची थोरवी गाणें नव्हे. उलट, कॅसिनोच्या त्या हजारों सारख्या शिळांच्या रांगा पाहून युद्धाचा मोह जितका उतरेल, तितका कोणत्याही व्याख्यानानें उतरणार नाहीं.

तर मग विद्यार्थ्यांनीं काय करावें? आम्ही तीन कामें सुचवितों, व तीं सुटीच्या दिवशीं कोणासही करतां येण्याजोगीं आहेत.

पहिलें, आपल्या गांवांतील वीरगळांची नोंद करावी. दगड कोठें उभा आहे, किती उंच आहे, चौकटी किती व प्रत्येकींत काय कोरलें आहे, हें वहींत लिहावें, चित्र काढावें, छायाचित्र घ्यावें. दगडास तैलरंग लावूं नये, तो खरवडूं नये, जागेवरून हलवूं नये. पुष्कळ ठिकाणीं हे दगड पायरीस लागलेले किंवा धुण्यास वापरलेले दिसतात. लोक तें द्वेषानें करीत नाहींत, न कळून करितात. ज्यास कळलें त्यानें नम्रपणें सांगावें, म्हणजे ऐकणारे ऐकतात.

दुसरें, घरांतील व शेजारचीं पदकें पाहावीं. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नांव व पलटण बहुधा कोरलेली असते. त्या एका ओळीवरून पुढचा शोध लागतो.

तिसरें, आयोगाची नांवांची सूचि आतां सर्वांस पाहतां येते. तींत पुष्कळ शिपायांच्या नांवापुढें बापाचें किंवा बायकोचें नांव, गांव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. तेथें शोधतांना दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. एक, आपलीं नांवें परक्या कारकुनांनीं ऐकून इंग्रजींत लिहिलीं, त्यामुळें तीं चमत्कारिक रूपांत आढळतात. सर्व रूपें ताडून पाहावीं. दुसरी, १९४९ पूर्वीं वाळवें, शिराळें, तासगांव व खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांतच होते. त्या सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सांगली, मिरज व जत हीं तर त्या काळीं संस्थानें होतीं, आणि आटपाडी औंध संस्थानांत होती. म्हणून सांगलीच्या शिपायाचा शोध साताऱ्याखालीं किंवा संस्थानाच्या नांवाखालींही करावा लागतो. हें न कळल्यानें पुष्कळांचा शोध अर्ध्यावर राहतो.

वीरगळ उभारणाऱ्यांनीं सूर्यचंद्रांवर भरंवसा ठेवला, आणि नांव लोकांच्या तोंडीं सोंपविलें. लोक विसरले तेव्हां दगड मुका झाला. आयोगानें नांव दगडावर घातलें. परंतु ज्यांची नांवें लिहिण्याची तसदी घेतली नाहीं, त्यांच्याबाबतींत तो दगडही मुकाच राहिला. या दोहोंवरून शिकण्याचें तें हें कीं, नांव लिहिलेंही पाहिजे व बोललेंही पाहिजे. लिहिल्यावांचून तें टिकत नाहीं, आणि उच्चारणारा कोणी नसेल तर लिहिलेलें असूनही तें नसल्यासारखेंच. ज्या आजोबांस आपल्या बापाच्या पलटणीचें नांव अजून आठवतें, ते फार दिवस आपल्यांत राहणार नाहींत. या सुटींत त्यांच्यापाशीं वही घेऊन बसावें, हेंच आमच्या विद्यार्थ्यांस सांगणें आहे.